नळीतले पाणी आणि जोत्याची उंची : वसई-विरारच्या बांधकामातील पाणसळीचा आढावा

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर यांच्यामध्ये पसरलेल्या वसई-विरारच्या सखल पट्ट्यात घर बांधणाऱ्यापुढे मजबुतीइतकाच मोठा प्रश्न उंचीचा असतो, कारण डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी आणि खाडीतून वर चढणारी भरती यांची गाठ याच पट्ट्यात पडते आणि वीतभर उंचीच्या फरकावर एक घर कोरडे राहते व शेजारचे पाण्यात जाते. मुंबई परिसरात मोठ्या भरतीचे पाणी ओहोटीच्या पातळीहून चार ते पाच मीटर चढते, आणि अशा वेळी मुसळधार पाऊस असला तर नाल्यांची तोंडे खाडीच्या पाण्यानेच बंद होतात. अशा प्रदेशात जोते, म्हणजे पायाच्या वर जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंत येणारे बांधकाम, किती उंच घ्यावे आणि ते चारही कोपऱ्यांत एकाच उंचीचे कसे राखावे, हे ठरवण्याचे साधन नीट वापरले जाणे अगत्याचे ठरते. लहान घरे, चाळी, बंगल्या आणि दुरुस्तीची कामे यांत हे साधन बहुधा पाणी भरलेली एक पारदर्शक नळी असते. गवंडी तिला लेव्हल पाईप किंवा नुसते ‘पाईप’ म्हणतात. पाणसळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनांच्या कुळातील ती सर्वांत साधी आणि योग्य हाती सर्वांत विश्वासू आहे.

समपातळी म्हणजे ओळंब्याची दोरी जी उभी दिशा दाखवते तिला काटकोनात असलेली पातळी. ओळंबा उभी रेषा देतो, गुण्या काटकोन देतो आणि आडवी पातळी देण्याचे काम पाणसळ करते. नळीच्या पाणसळीमागचा नियम असा की एकमेकांना जोडलेल्या भांड्यांत एकाच घनतेचा द्रव स्थिर झाला आणि दोन्हीकडे हवेचा दाब सारखा असला, तर भांड्यांचा आकार, रुंदी किंवा वाकणे काहीही असो, द्रवाचे पृष्ठ दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबते. कारण एका बाजूचा स्तंभ उंच असेल तर तळाशी त्याचा दाब जास्त पडतो आणि फरक मिटेपर्यंत द्रव दुसरीकडे वाहत राहतो. नळी भिंतीला वळसा घालून गेली, खड्ड्यात उतरली किंवा दोन खोल्यांमधून फिरली तरी निकाल बदलत नाही. दोन टोके परस्परांना दिसण्याची गरज नसणे हा या साधनाचा मोठा गुण आहे, आणि दाट वस्तीत, अर्धवट उभ्या भिंतींच्या आड काम करणाऱ्या गवंड्याला त्याचे मोल सर्वाधिक कळते.

पाण्याने पातळी तपासण्याची रीत फार जुनी आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील आपल्या ग्रंथात कोरोबेट्स नावाच्या साधनाचे वर्णन केले आहे. ती सुमारे २० फूट लांबीची पायांवर उभी पट्टी असून तिच्या दोन्ही टोकांना ओळंबे लोंबत आणि वरच्या अंगाला ५ फूट लांबीची खाच असे. वाऱ्याने ओळंबे हलू लागले की त्या खाचेत पाणी ओतून ते दोन्ही काठांना सारखे लागते का, हे पाहावे असे तो सांगतो. ओळंब्याला वारा छळतो तेथे पाणी कामाला येते, हा अनुभव समुद्रकाठच्या कोणत्याही गवंड्याला ओळखीचा वाटेल. भारतीय परंपरेत सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारात दिशा ठरवण्यासाठी शंकू उभा करण्याआधी शिळेचा पृष्ठभाग पाण्याने तपासून सम करून घेण्याची सूचना आहे, म्हणजे आकाशाचे माप घेण्याची सुरुवातच पाण्याने सपाट केलेल्या जमिनीपासून होते. द्रवाने भरलेल्या काचनळीतील बुडबुड्याची पाणसळ मेल्शिसेदेक थेव्हनो या फ्रेंच विद्वानाने १६६१ च्या सुमारास काढली. लांब, लवचीक आणि आरपार दिसणारी नळी स्वस्तात मिळू लागली ती मात्र प्लास्टिकच्या काळात, आणि तेव्हापासून लहान बांधकामांतून ती हटलेली नाही.

वसईत पाण्याने पातळी राखण्याची कला बांधकामाच्या आधीपासून शेतात आणि मिठागरात मुरलेली आहे, याची नोंद या विषयावरील लिखाणात क्वचितच घेतली जाते. इथल्या वाड्यांमध्ये केळी, पानवेली, भाजी आणि फुलांच्या वाफ्यांना पाटाने पाणी देण्याची पद्धत आहे. वाफा एका अंगाला किंचित जरी कलला तरी पाणी एकीकडे साचते आणि दुसरीकडची रोपे कोरडी राहतात, म्हणून वाफ्यात पाणी सोडून, ते कोठे थांबते हे पाहून माती ओढली जाते. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. त्यातील पाण्याची चढउतार पाहून भूजल किती वर आले याचा अंदाज बांधता येतो, आणि पाया खणण्याआधी ही माहिती फार उपयोगी पडते. मिठागरात तर सारा व्यवसाय पातळीवर उभा असतो. भरतीचे पाणी आधी साठवणीच्या खणात घेतले जाते, तेथून एकामागून एक खणांतून पुढे नेताना ते आटत आणि घट्ट होत जाते, आणि शेवटच्या खणांत मीठ धरते. या सगळ्या वाटचालीला लागणारा ढाळ अत्यंत हलका असतो आणि मीठ धरणारा खण जवळजवळ आरशासारखा सपाट लागतो. उघाडी म्हणजे खारबांधातील झडपेची वाट. ती कोणत्या भरतीला उघडायची आणि कोणत्या भरतीला बंद ठेवायची, हे जाणणारी माणसे पातळीचे जाणकारच होत. त्यांच्याकडील हे ज्ञान नव्या वसाहतींच्या आखणीत आले असते तर पुढचे पुष्कळसे हाल टळले असते.

नळीची पाणसळ तयार करण्यास फार साहित्य लागत नाही, पण त्यातील प्रत्येक निवडीला कारण आहे. आतून ८ ते १० मिलीमीटर व्यासाची पारदर्शक नळी १५ ते २० मीटर लांब घेतली तर सामान्य घराच्या सर्व कोपऱ्यांपर्यंत पोहोचते. १० मिलीमीटर व्यासाच्या २० मीटर नळीत सुमारे दीड लिटर पाणी मावते, म्हणजे एक माणूस ती गुंडाळून सहज नेऊ शकतो. पातळ भिंतीची नळी उन्हात मऊ पडून वळणावर दबते आणि पाण्याची वाट बंद करते, म्हणून जाड भिंतीची नळी थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. व्यास फार बारीक असल्यास पाणी सरकण्यास वेळ लागतो आणि बुडबुडे अडकून बसतात. फार मोठा असल्यास नळी जड होते आणि पाणी बराच वेळ हेलकावत राहते. या हेलकाव्याचा काळ नळीतील पाण्याच्या लांबीवर ठरतो. २० मीटर पाणी एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत येण्यास सहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते, आणि असे अनेक हेलकावे विरल्यावरच ते स्थिर होते. घाईने मारलेली खूण चुकते ती याच कारणाने.

पाणी भरण्याची रीत साधनाइतकीच महत्त्वाची आहे. एका टोकात गाळणे लावून वरून पाणी ओतल्यास पाण्याबरोबर हवा खाली उतरते आणि नळीभर बुडबुड्यांची माळ तयार होते. त्याऐवजी पाण्याने भरलेली बादली उंचावर, पायऱ्यांवर किंवा माळ्यावर ठेवून, नळीचे एक टोक बादलीच्या तळाशी बुडवावे, दुसऱ्या टोकातून एकदा ओढून पाणी खाली वाहू द्यावे आणि नळीत एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत ते वाहतच ठेवावे. नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि उन्हात नळी तापली की ती बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, त्यामुळे रात्रभर ठेवलेले किंवा उकळून गार केलेले पाणी अधिक चांगले. ओळखू येण्यासाठी चिमूटभर नीळ आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब घालावा, फेस होईल इतका घालू नये. नळी भरली की दोन्ही टोके शेजारी शेजारी धरून पाहावे. दोन्हीकडचे पाणी एकाच रेषेत असेल तर साधन कामाला योग्य आहे. नसेल तर कोठेतरी हवा, दाब पडलेले वळण किंवा घाण आहे, आणि ती सापडेपर्यंत एकही खूण मारू नये. ही परीक्षा कामाच्या शेवटीही पुन्हा घ्यावी, कारण सकाळी बरोबर असलेली नळी दुपारी बिघडू शकते.

प्रत्यक्ष जागेवर पहिली गोष्ट ठरते ती मूळ खूण. ही खूण हलणार नाही अशा ठिकाणी, शक्यतो पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर असावी. रोवलेल्या बांबूवर ती घेतल्यास दुसऱ्या दिवशी बांबू खचलेला असतो. त्यानंतर मिस्त्री एक टोक मूळ खुणेपाशी धरतो, बिगारी दुसरे टोक घेऊन कोपऱ्यातल्या कॉलमपाशी जातो, आणि नेताना दोघांनीही टोकांवर अंगठा दाबून ठेवलेला असतो, कारण एक टोक खाली गेले की पाणी सांडते. दोघे जागेवर पोहोचल्यावर अंगठे एकाच वेळी उचलले जातात, ‘सोड’ असा आवाज येतो, पाणी वरखाली होते आणि मग ‘जरा वर घे’, ‘थांब, हलतंय’, ‘बस’ अशा तीन-चार शब्दांत काम चालते. मूळ खुणेपाशी पाण्याचा तळ, म्हणजे नळीच्या कडांना किंचित चढलेल्या पाण्याच्या वक्र पृष्ठाचा सर्वांत खालचा भाग, खुणेला अचूक लागला की दुसऱ्या टोकाचा माणूस आपल्या बाजूच्या पाण्याच्या तळाशी पेन्सिलीने रेघ मारतो. फरशीच्या कामात ही रेघ बहुधा होणाऱ्या फरशीपासून १ मीटर उंचीवर घेतात आणि सगळ्या खोल्यांत रंगाची दोरी मारून ती भिंतीवर उतरवतात. पुढे खिडकीची पाटली, ओट्याची उंची, दाराची चौकट आणि फरशीचा ढाळ हे सारे त्याच एका रेघेवरून मोजले जाते. एका खोलीत जुन्या फरशीवरून आणि दुसऱ्या खोलीत नव्या रेघेवरून माप घेण्याची सवय हे उंबरठ्यावर ठेच लागण्याचे नेहमीचे कारण आहे.

या कामात वारंवार होणारी एक चूक तपशिलाने समजून घेण्यासारखी आहे. मूळ खुणेपाशी टोक एकदा जुळवून बांधून ठेवले की नंतर दुसरेच टोक फक्त वाचायचे, असा समज असतो. परंतु दोन्ही टोके सारख्या व्यासाची असतील तर एक टोक १० सेंटीमीटर वर उचलल्यावर पाणी दोन्हीकडे ५ सेंटीमीटर चढते, म्हणजे बांधलेल्या टोकातील पाणी खुणेपासून दूर जाते. म्हणून प्रत्येक नव्या खुणेच्या वेळी मूळ टोक पुन्हा जुळवावेच लागते आणि दोन माणसे लागतात. एकट्याने काम करायचे असल्यास एक टोक पाणी भरलेल्या रुंद बादलीत बुडवून बादली उंच जागी स्थिर ठेवण्याची युक्ती आहे. ३० सेंटीमीटर व्यासाच्या बादलीचे क्षेत्रफळ ८ मिलीमीटर नळीच्या सुमारे १४०० पट असल्याने नळीत पाणी १ सेंटीमीटर चढले तरी बादलीतील पातळी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी उतरते, आणि ती स्थिर मानून मोकळ्या टोकाने घरभर खुणा घेता येतात. फक्त उन्हाने बादलीतील पाणी आटते, हे लक्षात ठेवून मध्ये मध्ये मूळ खुणेशी ताळा पाहावा.

चुकांचे उरलेले प्रकार तीन: हवा, चिकटपणा आणि उष्णता. नळीच्या उभ्या भागात सगळी रुंदी व्यापणारा १ सेंटीमीटरचा बुडबुडा असेल तर त्या बाजूचे पाणी १ सेंटीमीटर उंच दिसते. आडव्या भागातील बुडबुडा तितका घातक नाही, पण नळी उचलताच तो उभ्या भागात येऊ शकतो. पाणी बारीक नळीच्या कडांना चढते, आणि आतून पूर्ण स्वच्छ असलेल्या ६ मिलीमीटर नळीत ही चढण जवळजवळ ५ मिलीमीटर भरते. दोन्ही टोके सारख्या व्यासाची आणि सारखी स्वच्छ असली तर हा परिणाम दोन्हीकडे सारखा असल्याने कटतो. एका टोकाला सिमेंटचा हात किंवा तेल लागले की कटत नाही. साबणाचा थेंब आणि टोके पुसण्यासाठी एक स्वच्छ फडके यासाठीच हवे.

उष्णतेची चूक सर्वांत कमी ओळखली जाते आणि कोकणातल्या उन्हात ती सर्वांत मोठी ठरू शकते. पाणी तापले की प्रसरण पावते आणि हलके होते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रत्येक अंशाला ते हजारात सुमारे ०.३ भाग फुगते. एका टोकाचा उभा भाग भिंतीच्या सावलीत आणि दुसऱ्याचा उन्हात असून दोहोंत १० अंशांचा फरक पडला, तर उभ्या नळीच्या दर मीटरला ३ मिलीमीटरची तफावत येते, आणि चूक कोठून आली हे कोणाला उमगत नाही. नळीचा आडवा भाग किती तापला याने काही बिघडत नाही, बिघडते ते उभ्या स्तंभांतील फरकाने. म्हणून नळी जमिनीवरून लोळवत नेण्यापेक्षा शक्य तेथे खुणेच्या उंचीजवळूनच न्यावी, म्हणजे उभा भाग लहान राहतो, आणि बारीक काम सकाळी करावे. शास्त्रज्ञांनी हीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. अल्बर्ट मायकेल्सन आणि हेन्री गेल यांनी १९१३ पासून अमेरिकेतील यर्किस वेधशाळेच्या आवारात सुमारे १५० मीटर लांबीच्या नळ्या जमिनीत पुरून त्या अर्ध्याच भरल्या, ज्यामुळे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पाण्याचे मोकळे पृष्ठ सलग राहिले आणि उभे स्तंभ उरलेच नाहीत. त्या नळ्यांतील पाण्याच्या अतिसूक्ष्म हालचालींवरून चंद्रसूर्याच्या ओढीने पृथ्वीच्या घन भागाला येणारी भरती त्यांनी मोजली. गवंड्याच्या नळीचे हे थोर भावंड होय. वसईच्या वाडीतील पाणी सोडलेला वाफा हाही तत्त्वतः अशाच सलग मोकळ्या पृष्ठाचा प्रकार आहे.

सर्व खुणा एकाच मूळ खुणेवरून घ्याव्यात, की एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी साखळी करावी, यावर जाणकारांत मतभेद नाही. साखळीत प्रत्येक खुणेची लहानशी चूक पुढच्या खुणेत मिसळते. २ मिलीमीटरची अनिश्चितता असलेल्या नऊ कड्यांनंतर ती साधारण ६ मिलीमीटरवर जाते. लांब कामात साखळी टाळता येत नसेल तर शेवटच्या खुणेवरून नळी पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत आणून किती फरक पडतो हे पाहावे, आणि दोन टोकांची अदलाबदल करून दोन्ही वेळच्या खुणांचा मध्य घ्यावा. त्यामुळे नळीच्या टोकांतील स्थायी दोष निघून जातो.

लेसर लेव्हल आता लहान ठेकेदारांकडेही दिसते. एकट्याला काम उरकते, सगळ्या भिंतींवर एकाच वेळी रेघ पडते, हे तिचे फायदे खरे आहेत. पण साध्या लेसर यंत्रांची अचूकता १० मीटरला साधारण ३ मिलीमीटर इतकी असते, अंतर वाढले की चूकही वाढते, आणि भर उन्हात रेघ दिसत नाही. जपून वापरलेली नळी मिलीमीटर-दोन मिलीमीटरपर्यंत विश्वास ठेवण्याजोगी राहते आणि तिच्या चुकीला अंतराशी फारसे देणेघेणे नसते. मोठ्या इमारती आणि रस्त्यांसाठी दुर्बिणीचे ऑटो लेव्हल यंत्र योग्यच. यंत्र पडले की मात्र त्यातील बिघाड दिसत नाही. नळीचा बिघाड दोन टोके जवळ आणताच दिसतो, आणि या एका कारणासाठी लेसर वापरणाऱ्यानेही महिन्यातून एकदा यंत्राची रेघ नळीने ताडून पाहणे हिताचे आहे.

येथवरचा विचार एका घराच्या आत राहिला, आणि वसई-विरारच्या बाबतीत तो तेथेच थांबवणे अपुरे आहे. १८६४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमार्गाचा भराव उत्तर-दक्षिण गेलेला असून डोंगराकडून समुद्राकडे जाणारे पाणी त्याखालच्या मोजक्या मोऱ्यांतूनच पुढे जाते. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा व आसपासची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. त्याआधीच्या आणि नंतरच्या काळात सखल शेते, खाजणे आणि मिठागरांलगतच्या जमिनी भराव टाकून बांधकामाखाली आल्या. भरावाची उंची प्रत्येकाने आपापल्या प्लॉटपुरती ठरवली. नव्या इमारतीचे जोते रस्त्याहून उंच, मग डांबराचे थर चढून रस्ता जुन्या घरांहून उंच, आणि शेवटी जुने घर दोघांच्या खाली, असा क्रम या पट्ट्यात गल्लोगल्ली दिसतो. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपारा-वसई भागातील रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या, मिठागरांवरची वस्ती पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने नेमलेल्या आयआयटी मुंबई आणि नीरी यांच्या सत्यशोधन समितीने इतर उपायांबरोबर पाणी धरून ठेवणाऱ्या तलावांची शिफारस केली.

राष्ट्रीय बांधकाम संहिता जोते सभोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलीमीटर उंच असावे असे सांगते. सभोवतालची जमीन शेजाऱ्याच्या भरावाने आणि रस्त्याच्या थरांनी दर काही वर्षांनी बदलत असेल, तर या आकड्याचा आधारच सरकतो, म्हणून जोत्याचे माप पुराच्या खुणेशी जोडणे अधिक शहाणपणाचे ठरते. सांडपाण्याच्या नळीलाही हेच लागू आहे. ४ इंची नळीला १:४०, ६ इंचीला १:६० आणि ९ इंचीला १:९० असा ढाळ देण्याचा मॅग्वायर यांचा जुना नियम पाळायचा तर १५ मीटर लांबीच्या ४ इंची नळीला साडेसदतीस सेंटीमीटर उतार हवा, आणि जोते त्या बेताने उचलले नसेल तर नळी गल्लीच्या गटारात पोहोचेपर्यंत तिचे तोंड गटाराच्या पाण्याखाली जाते. अशा घरात पावसाळ्यात संडासातून पाणी उलटते.

नळीची पाणसळ घराच्या कुंपणाबाहेर नेण्याची गरज येथे निर्माण होते, आणि तिला यासाठी कोणतेही नवे साहित्य लागत नाही. गल्लीतील एखाद्या जुन्या पक्क्या भिंतीवर मागील पुराच्या पाण्याची ओळ शाबूत असते. तिच्या शेजारी खोल खाच पाडून रंग भरावा, त्या खाचेपासून सकाळच्या सावलीत नळी नव्या प्लॉटच्या कोपऱ्यापर्यंत न्यावी, गल्लीतील वर्दळीत नळी पायाखाली येऊ नये म्हणून ती कुंपणाच्या कडेने बांधत न्यावी, आणि दोन टोकांची अदलाबदल करून मिळालेल्या दोन खुणांचा मध्य कॉलमच्या सळईवर रंगाने नोंदवावा. त्या रेघेपासून जोते किती वर घ्यायचे, गटाराचा तळ किती खाली आहे आणि सांडपाण्याच्या नळीला ढाळ पुरतो का, ही तिन्ही मापे मग फूटपट्टीने घेता येतात. जोत्याचे काँक्रीट ओतण्याआधी ही रेघ शेजारच्या घरमालकालाही दाखवावी, म्हणजे त्याच्या अंगणातील पाण्याला वाट कोठून ठेवायची हे दोघांना मिळून त्याच वेळी ठरवता येते.